जुन्या डीझेल मोटारीचा हिशेब

बडोद्यात दहा-बारा वर्षे चाललेली डीझेल मोटार विक्रीस निघाली, की तिची किंमत ऐकून मध्यमवर्गीय कुटुंबात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, एवढ्या पैशांत नवी लहान मोटारही मिळावयाची नाही; ही तर ऐसपैस, मजबूत, लांबच्या प्रवासाची गाडी, आणि डीझेलवर चालणारी म्हणजे खर्चही बेताचा. दुसरा पक्ष विचारतो, इतकी चांगली असती तर मालकाने ती विकावयास काढली असती का? दोघांचेही बोलणे वरवर पाहता रास्तच आहे. पण या वादात एक गोष्ट बहुधा निसटून जाते. आपल्या देशात डीझेल मोटारीचा भाव केवळ तिच्या यंत्रावरून कधीच ठरलेला नाही. पेट्रोल व डीझेल यांच्या दरांतील अंतर, ती घडविणाऱ्या कारखान्याचे आयुष्य आणि सरकारने तिला नेमून दिलेली वर्षे, असा तिहेरी हिशेब त्यामागे असतो. गेल्या पंचेचाळीस वर्षांत या तिन्ही गोष्टी अनेकदा उलटसुलट झाल्या आहेत. जुनी डीझेल मोटार घ्यावी की न घ्यावी, याचा निर्णय करणाऱ्याने ही उलथापालथ नीट पाहून घेतलेली बरी.

वाहन ओढण्यास काय स्वस्त पडते, हा विचार बडोद्यास मोटारीपेक्षाही जुना आहे. खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. ती ओढीत असत बैल! पुढच्याच वर्षी वाफेची इंजिने आणली गेली. तरीसुद्धा त्यांचा नियमित वापर होण्यास १८८० साल उजाडावे लागले. रूळ आहेत, इंजिन आहे, आणि गाडीला मात्र बैल जुंपलेले आहेत, हे दृश्य आज आपणांस गमतीचे वाटते. त्या काळच्या कारभाऱ्यांना त्यात गंमत वाटली नसावी. यंत्र हाताशी असणे आणि ते परवडणे यांत बरेच अंतर असते, एवढे त्यांना ठाऊक होते.

डीझेल यंत्राचा जनक रुडोल्फ डीझेल हा जर्मन आईबापांच्या पोटी १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाते, हे त्याला सलत होते. सिलिंडरमध्ये नुसती हवा कोंडून ती इतकी दाबावयाची की दाबानेच ती तापावी, आणि त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेटावा, ही त्याची कल्पना. पेट्रोलच्या यंत्रास लागणारी विजेची ठिणगी येथे लागतच नाही. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे हे यंत्र समाधानकारकपणे चालले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर या जातीचे एक यंत्र चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. सौराष्ट्रातील घाण्यांचा आणि तेलाच्या डब्यांच्या भावाचा ज्यांना परिचय आहे, त्यांना ही हकीकत ऐकून हसू आल्यावाचून राहणार नाही. डीझेल स्वतः १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला व पुढे त्याचा मृतदेह समुद्रात सापडला. आपल्या नावाची मोटार काही त्याला पाहावयास मिळाली नाही. मर्सिडीझ-बेंझची ‘२६० डी’ ही अशा पहिल्या मोटारींपैकी एक, ती १९३६ मध्ये बाजारात आली.

आपल्याकडे हे यंत्र रस्त्याआधी विहिरीवर आले. पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली निघाला आणि त्याची इंजिने महाराष्ट्रभर मळ्यांतून धडधडू लागली. गुजरातेत राजकोट हे अशा इंजिनांचे मोठे केंद्र बनले. १९५४ पासून जमशेदपुरास टाटांच्या कारखान्यात मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने डीझेलचे मालट्रक तयार होऊ लागले. पंप, ट्रॅक्टर, ट्रक, एस.टी. असे डीझेलचे जग होते. घरगुती मोटार पेट्रोलवर चालत असे आणि ती असलीच तर डॉक्टरकडे, वकिलाकडे किंवा कारखानदाराकडे असे.

ही विभागणी ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढचे सारे भावांचे राजकारण तिच्यातून उपजले. डीझेल महागले तर धान्य महागणार, एस.टी.चे भाडे वाढणार, शेतकऱ्याचे पाणी तुटणार. तेव्हा ते स्वस्त ठेवावे. पेट्रोल वापरतो तो सधन; तेव्हा कराचा भार त्याच्यावर टाकावा. १९७३ च्या तेलसंकटानंतर हे धोरण अधिकच पक्के झाले. विचार न्याय्य होता. फक्त एक फट राहून गेली होती. सधन माणसाने डीझेलवर चालणारी मोटार घेतली, तर त्याला ट्रकवाल्याच्या आणि शेतकऱ्याच्या भावाने तेल मिळणार होते!

बडोद्याच्या बाबतीत या गोष्टीस आणखी एक रंग आहे. १९५८ साली खंबातजवळ लुणेज येथे तेल लागले. १९६० मध्ये अंकलेश्वरास लागले, आणि तेथील विहिरीस पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ असे नाव दिले. हे तेल शुद्ध करण्यासाठी बडोद्याच्या वेशीवर कोयली येथे सोव्हिएत साहाय्याने कारखाना उभारावयाचे ठरले. १० मे १९६३ रोजी नेहरूंच्याच हस्ते त्याची कोनशिला बसली आणि १९६५ च्या ऑक्टोबरात त्याचा पहिला विभाग चालू झाला. पुढे खतांचे व रसायनांचे मोठमोठे कारखाने आसपास आले, आणि दांडियाबाजार, रावपुरा, वाडी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुले दरबारी नोकरीची आठवण घरात ठेवून कोयली-बाजव्याच्या पाळ्यांना जाऊ लागली. रात्री आकाशात दिसणारी शुद्धिकारखान्याची ज्योत ही बडोदेकरांच्या सवयीची झाली. मात्र दाराशी तेल गाळले जाते म्हणून बडोद्यास ते स्वस्त मिळाले, असे घडले नाही. भाव दिल्लीत ठरत होता.

त्या काळी जुन्या मोटारीचा बाजार आजच्या अगदी उलट होता. नवीन मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सरकारने नव्या मोटारीची किंमत बांधून दिलेली, आणि जुनीची मात्र मोकळी. परिणामी चांगल्या स्थितीतील वापरलेली फियाट नव्या फियाटच्या ठरीव किमतीहून अधिक भावाने विकली जाई. आज ज्याला आपण ‘घसारा’ म्हणतो तो त्या वेळच्या मोटारमालकाला जवळजवळ माहीतच नव्हता. जुनी मोटार म्हणजे ठेव, ही जी समजूत काही वडीलधाऱ्यांच्या मनात अजून टिकून आहे, तिचे मूळ या टंचाईत आहे. टंचाई गेली, समजूत राहिली.

१९८० च्या सुमारास हिंदुस्तान मोटर्सने अँबॅसडरमध्ये डीझेल यंत्र बसविले. दीड लिटरचे हे यंत्र चाळीस अश्वशक्तीच्याही आतले. गाडी थरथरे, कर्कश वाजे, आणि घाटात तर चालकाची सत्त्वपरीक्षाच पाही. तरीही ती खपली. विशेषतः टॅक्सीवाल्यांनी ती उचलली. दरांतल्या त्या फटीतून आत शिरणारी ही पहिली मोटार होय. तिच्या पाठोपाठ पेट्रोलचे यंत्र काढून टाकून डीझेलचे बसविण्याचा उद्योग गावोगावच्या गॅरेजांतून सुरू झाला. ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करणारे कुशल हात गुजरात-महाराष्ट्रात मुबलक होतेच. डीझेल गाडीचे काम कोणीही मिस्त्री करू शकतो, ही ख्याती त्या काळातली. ती त्या साध्या यंत्रांच्या बाबतीत खरीही होती. आजच्या गाडीच्या बाबतीत ती खरी नाही, हे पुढे दिसेलच.

१९९१ नंतर बाजार खुला झाला आणि डीझेल मोटारींना बहर आला. प्रीमियर पद्मिनीच्या पोटातही डीझेल यंत्र बसू लागले. कल्याणच्या कारखान्यातून फ्रेंच घराण्याची प्यूजो ३०९ निघू लागली. गाडी उत्तम, तिच्या डीझेल यंत्राचे जाणकारांत कौतुक. पण अवघ्या तीन-चार वर्षांत तो संसार मोडला आणि गाड्या मागे पोरक्या राहिल्या. यंत्र ठणठणीत, पण काच फुटली, दिवा गेला, तर भाग मिळेना. मुंबई-ठाण्याच्या अनेक मालकांनी चांगली चालती गाडी केवळ या कारणाने मातीमोलाने देऊन टाकली. बडोद्यास हा धडा वीस वर्षांनी स्वतःच्या अंगणात पुन्हा वाचावा लागणार होता.

दरम्यान ३० डिसेंबर १९९८ रोजी टाटांची इंडिका आली. पुण्याजवळच्या पिंपरीत घडलेली, भारतीय बनावटीची, आत चार-पाच माणसे ऐसपैस बसतील अशी ही लहान मोटार डीझेलवर मिळत होती. एक लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरून तिची नोंदणी केली! पहिल्या गाड्यांत दोष निघाले, तक्रारी झाल्या, आणि २००१ मध्ये सुधारलेली इंडिका आणावी लागली. पण मध्यमवर्गीय माणसाच्या दारात डीझेल नेऊन उभे करण्याचे काम तिने केले. पुढे २००७ च्या आरंभी मारुतीच्या स्विफ्टमध्ये फियाटच्या रचनेचे १.३ लिटरचे डीझेल यंत्र आले. ते शांत होते, चपळ होते, आणि ‘ॲव्हरेज’ ऐकून तर लोक चकित होत. तेच यंत्र निरनिराळ्या कंपन्यांच्या इतक्या मोटारींत बसले की विनोदाने त्याला देशाचे राष्ट्रीय यंत्र म्हणू लागले.

आता दरांकडे पाहू. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचा भाव मोकळा सोडला आणि डीझेलचा धरून ठेवला. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डीझेल ४१ रुपयांना मिळत होते. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्च मोजणाऱ्या दाखल्यातील माणसाप्रमाणे हा हिशेब येथे मांडून पाहावा. समजा, पेट्रोलची मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते आणि तशीच डीझेलची २० किलोमीटर. तर पेट्रोलवर किलोमीटरमागे ४ रुपये ८७ पैसे, डीझेलवर २ रुपये ५ पैसे. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे सुमारे ४२,००० रुपये वाचत. त्या काळात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या डीझेलच्या होत्या, यात नवल ते कोणते? ज्या जुन्या डीझेल गाड्या आज बाजारात उभ्या दिसतात, त्यांतील बऱ्याच या चार-पाच वर्षांतल्या आहेत. त्या त्या वेळच्या हिशेबाने घेतलेल्या आहेत, ही गोष्ट नजरेआड होता कामा नये.

स्वस्त तेलाची दुसरी बाजू काळीकुट्ट होती. रॉकेल डीझेलहूनही स्वस्त, म्हणून डीझेलमध्ये रॉकेल मिसळले जाई. या धंद्याची मजल कुठवर गेली होती, ते २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. भेसळीचा प्रकार पकडावयास गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जिवंत जाळण्यात आले. कृत्रिम रीतीने राखलेल्या भावांतील फरकावर किती मोठी टोळी पोसली जाते, याची ती भीषण साक्ष होती.

जानेवारी २०१३ पासून डीझेलचा भाव दरमहा सुमारे पन्नास पैशांनी वाढविण्यास सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्णपणे मोकळा झाला. अँबॅसडरपासून चालत आलेली ती फट बुजली. २०२५ मध्ये गुजरातेत पेट्रोल सुमारे ९४ आणि डीझेल सुमारे ९० रुपये होते. वरच्याच दोन मोटारी या भावांनी चालवून पाहाव्यात: किलोमीटरमागची बचत पावणेदोन रुपयांच्या घरात येते. १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे अजूनही वर्षाला २६,००० च्या आसपास वाचतात, ही काही उपेक्षणीय रक्कम नव्हे. पण अलकापुरीतून मांडवीपर्यंत आणि रविवारी सासुरवाडीपर्यंत एवढेच जिचे फिरणे, म्हणजे वर्षाला पाच हजार किलोमीटर, त्या मोटारीची बचत आठ-नऊ हजारांवर येऊन थांबते. अशा गाडीचा एखादा इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला, की काही वर्षांची बचत एका दुपारी गॅरेजवाल्याच्या टेबलावर ठेवावी लागते. शिवाय गुजरातेत सीएनजी हा तिसरा भिडू आहे. बडोद्याच्या नगरपालिकेने १९७२ पासूनच नळाने घरोघर वायू देण्यास आरंभ केला होता. वायूची या शहरास नवलाई नाही, आणि रोजच्या थोड्या फिरण्यास तो बहुधा डीझेलहून सोयीचा पडतो.

कारखान्याच्या आयुष्याची गोष्ट बडोद्याच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, पावागडाच्या वाटेवर, हालोल हे गाव. तेथे हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात जनरल मोटर्सची भागीदारी झाली आणि १९९६ मध्ये ओपेल ॲस्ट्रा बाहेर पडू लागली. पुढे शेव्हरोलेचे नाव आले. २००४ पासून तवेरा ही दणकट डीझेल गाडी आली, मग क्रूझ आली. पंचमहाल आणि बडोदे जिल्ह्यांतील हजारो घरांत या कारखान्याचे वेतन येत होते, आणि शेजारी बनलेली गाडी म्हणून बडोद्यात तिच्याविषयी आपुलकीही होती. लग्नाच्या वऱ्हाडास, शिर्डीच्या यात्रेस, पुण्या-नाशिकच्या नातलगांकडे जावयास तवेरा ठरलेली. जुलै २०१३ मध्ये कंपनीने १ लाख १४ हजार तवेरा परत मागविल्या. धुराच्या चाचणीत गैरप्रकार झाल्याचे उघड झाले होते, आणि ते कंपनीनेच सरकारला कळविले होते. पुढे १८ मे २०१७ रोजी शेव्हरोलेची भारतातील विक्री त्या वर्षअखेर बंद होणार असे जाहीर झाले. हालोलचा कारखाना त्याआधीच, एप्रिलात, थांबला होता. तो नंतर एम.जी. मोटरकडे गेला आणि २०१९ पासून तेथे निराळ्या गाड्या तयार होऊ लागल्या.

सुटे भाग व दुरुस्तीची सोय चालू ठेवण्याचे आश्वासन कंपनीने दिले होते. तरी वापरलेल्या शेव्हरोलेचा भाव कोसळावयाचा तो कोसळलाच. कल्याणच्या प्यूजोसारखीच ही गत. फरक इतकाच की तवेरासारखी गाडी फार संख्येने खपलेली असल्यामुळे तिचे भाग अजून बाजारात सापडतात, तर क्रूझसारख्या महागड्या गाडीचा एखादा विजेचा भाग शोधता शोधता मालक मेटाकुटीस येतो. म्हणून बंद पडलेल्या घराण्याची डीझेल गाडी फार स्वस्त मिळत असेल, तर तो स्वस्तपणा कशाचा आहे हे ओळखावे. जवळचा भरवशाचा मिस्त्री आणि खपाने मोठी असलेली गाडी, या दोन्ही गोष्टी असल्या तर ती घेण्यात शहाणपण असू शकते. यांपैकी एक जरी नसेल, तरी तो मोह आवरावा.

तिसरी गोष्ट सरकारने नेमलेल्या वर्षांची. डीझेलच्या धुराविषयी पूर्वी कोणी फारसे बोलत नसे. काळा धूर हे जणू ट्रकचे शेपूटच होते. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने डीझेलचा धूर माणसास निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या बलाढ्य जर्मन कंपनीने डीझेल मोटारींच्या चाचणीत फसवणूक करणारी संगणकप्रणाली बसविल्याचे जगासमोर आले. भारतातीलही तीन लाखांहून अधिक गाड्या तिने परत मागविल्या. त्याच वर्षी एप्रिलात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्ली व परिसरात दहा वर्षांहून जुन्या डीझेल गाड्यांना मनाई केली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरात हे संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांपुरतेच ठेवले. ही मनाई दिल्लीपुरती, बडोद्यास तिची काय चिंता, असे कोणी म्हणेल. पण तिकडे मुदत संपत आलेल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या, आणि बाजारात दिल्लीचा क्रमांक असलेली झगझगीत डीझेल मोटार अर्ध्या भावात दिसते, तिचे रहस्य पुष्कळदा हेच असते.

धुराचे नियमही टप्प्याटप्प्याने आवळत गेले. भारत स्टेज चार हा नियम २०१० मध्ये तेरा शहरांत लागू झाला; त्यांत पुणे होते, सोलापूर होते, अहमदाबाद आणि सुरतही होती, पण बडोदे नव्हते. त्यामुळे एकाच वर्षी नोंदलेली पुण्याची गाडी चौथ्या टप्प्याची आणि बडोद्याची तिसऱ्या टप्प्याची, असे घडलेले असू शकते. देशभर हा टप्पा एप्रिल २०१७ मध्ये आला, आणि एप्रिल २०२० मध्ये एकदम सहावा. त्या वेळी मारुतीने डीझेल मोटारी बनविणेच सोडून दिले आणि ते ‘राष्ट्रीय’ यंत्रही इतिहासजमा झाले.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. १३ ऑगस्ट २०२१ रोजी गांधीनगरच्या परिषदेत पंतप्रधानांनी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. म्हणजे २०१४ साली नोंदलेल्या मोटारीची पहिली मुदत २०२९ मध्ये भरणार. घेणाऱ्याने किंमत भागावयाची ती या उरलेल्या वर्षांनी. दोन लाखांची गाडी तीन वर्षांसाठी घेतली, तर तेल न भरताच वर्षाला सहासष्ट हजार रुपये गेले. हा भागाकार मात्र दलाल कधी करून दाखवीत नाहीत.

तर मग घ्यावी कोणी? ज्याला अंकलेश्वर, भरूच किंवा आणंदपर्यंत रोज जावे-यावे लागते, महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर मोकळ्या रस्त्याने धावावे लागते, त्याला जुनी डीझेल अजूनही साथ देईल. हे यंत्र लांब, एकसारख्या धावेसाठीच घडलेले आहे. गावातल्या गावात, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते पुरते तापतही नाही. काजळी धरते, झडपा चिकटतात आणि खर्च काढते. शाळा, बाजार, देऊळ-चर्च आणि दवाखाना एवढेच जिचे जग, त्या कुटुंबाने डीझेलच्या वाटेस जाऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो.

गाडी पाहावयास जावे ते सकाळी, यंत्र थंड असताना, आणि मालकाने ते आधी चालवून गरम केलेले नाही हे बोनेटला हात लावून पाहावे. सुरू होताना निळा धूर निघाला आणि राहिला, तर यंत्र आपलेच वंगण जाळीत आहे. पांढरा धूर बराच वेळ थांबेना, तर इंजेक्टर किंवा दाब यांत दोष, नाही तर पाणी आत शिरत आहे. जोर दिल्यावर काळ्या धुराचे लोट येत असतील, तर हवा कमी किंवा तेल जास्त. वंगण ओतण्याचे झाकण यंत्र चालू असता उघडावे. तेथून धूर जोराने फुसफुसत असेल, तर पिस्टनची कडी झिजलेली. पूर्वीच्या यंत्रांत असली कामे मिस्त्री अंदाजाने निभावून नेत. २००५ नंतरच्या बहुतेक गाड्यांत मात्र तेल हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबाने फवारले जाते व त्याचे नियंत्रण संगणकाकडे असते. तेथे यंत्र जोडून दोष वाचणाऱ्या गॅरेजाखेरीज इलाज नाही.

बडोद्यात यापुढे एक तपासणी अधिक. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात झालेल्या पावसाने आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या महापुराने शहरातील असंख्य मोटारी बुडाल्या. मगरी रस्त्यावर आल्याची छायाचित्रे देशभर छापली गेली. बुडालेल्या मोटारींचे पुढे काय झाले, याची चर्चा तितकी झाली नाही. काही मोडीत गेल्या, काही धुऊन-पुसून, नवी गादी घालून बाजारात आल्या. डीझेल यंत्राने चालू असताना पाणी ओढले तर पाणी दाबले जात नाही, आणि आतील दांडा वाकतो. वाकलेल्या दांड्यानेही गाडी काही दिवस चालते, मग एकाएकी तुटते. म्हणून खालचा गालिचा उचलून पाहावा, आसनांच्या रुळांखाली गंज आणि चाकाच्या खड्ड्यात, डिकीच्या तळाशी वाळलेला गाळ आहे का ते बोटाने चाचपावे. पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्यावर पाण्याची रेघ दिसते का पाहावे. विम्याच्या मागील दाव्यांची चौकशी करावी. २०१९ व २०२४ या दोन वर्षांतील दावा दिसला, तर तो कशाचा होता हे लेखी मागावे.

कागदांत आर.सी. पुस्तकावरील नोंदणीची तारीख आणि बनावटीचा महिना वेगवेगळे असू शकतात, दोन्ही वाचावेत. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी. गाडी जीजे-०६ ची असेल तर हस्तांतर चौदा दिवसांत कळवावयाचे असते. ती पुण्याची किंवा दिल्लीची असेल, तर तिकडचे ना-हरकत पत्र, बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी आणि गुजरातचा रस्ताकर एवढे सोपस्कार उरतात; त्यांचा खर्च किमतीत मिळवूनच सौदा तोलावा, आणि ते पत्र हाती पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.